आरोग्य-संशोधनाची ‘क्षमता’ म्हणजे नेमकं काय? आणि ती परदेशातून का आणता येत नाही?

एप्रिल २०१५. पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ ओसरत आली होती. लायबेरियाच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनी तेव्हा अमेरिकेतल्या एका मोठ्या दैनिकात लेख लिहून मनातला संताप बाहेर काढला. साथ सुरू झाली तेव्हा जगभरचे तज्ज्ञ म्हणत होते की हा विषाणू आफ्रिकेच्या या टोकाला याआधी कधी आलाच नव्हता. जुनी कागदपत्रं धुंडाळताना या मंडळींच्या हाती १९८२ चा एक शोधनिबंध लागला. जर्मन शास्त्रज्ञांनी लायबेरियातल्या लोकांचं रक्त तपासलं होतं आणि काहींच्या रक्तात इबोलाशी झुंज दिल्याच्या खुणा सापडल्या होत्या. लायबेरियाला इबोलाच्या पट्ट्यात धरायला हवं, असं निबंधात स्पष्ट लिहिलं होतं.

हा निबंध छापला गेला युरोपातल्या नियतकालिकात. लेखकांमध्ये एकही लायबेरियन नव्हता. असा एखादा निबंध उतरवून घ्यायला ४५ डॉलर पडतात, असंही त्या डॉक्टरांनी नोंदवलं. त्यामुळे ज्यांचं रक्त घेतलं त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपर्यंत ही माहिती तीस वर्षांत पोचलीच नाही. या साथीत तीन देशांत मिळून ११ हजारांहून अधिक माणसं गेली.

त्याच साथीतली दुसरी गोष्ट. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून एक आजारी प्रवासी विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला. हे शहर मुंबईसारखंच गर्दीने गच्च भरलेलं. डॉ. अमेयो अडाडेवो यांना इबोलाची शंका आली आणि कितीही दबाव आला तरी त्यांनी त्या रुग्णाला घरी सोडलं नाही. (पुढे याच आजाराने त्यांचा बळी घेतला.) रोगाचं निदान काही दिवसांतच, नायजेरियातल्याच प्रयोगशाळांत झालं. पोलिओ निर्मूलनासाठी तयार केलेली माणसं रातोरात इबोलाच्या कामाला लावली गेली आणि संपर्कात आलेल्या शेकडो लोकांचा माग काढला गेला. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू. २० ऑक्टोबर २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला.

गिनीमध्ये, जिथे ही साथ सुरू झाली, तिथला पहिला रुग्ण डिसेंबर २०१३ चा मानतात. इबोलाचं निदान झालं मार्च २०१४ मध्ये, फ्रान्समधल्या लियों शहरात. मधले तीन महिने विषाणू मोकाट होता.

अमेरिकेने २०२५ मध्ये परदेशी मदतीला कात्री लावल्यापासून ‘संशोधन क्षमता’ हा शब्द बातम्यांत वारंवार येतो आहे. वाचताना तो सरकारी फायलीतला वाटतो. म्हणून तो आधी सोडवून घेऊ.

### क्षमता म्हणजे यंत्र नव्हे

आपल्या भागातल्या आजारांबद्दल स्वतः प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर पद्धतशीर शोधायचं आणि ते उत्तर आपल्याच सरकारच्या निर्णयात उतरवायचं, हे ज्याला जमतं त्याच्याकडे आरोग्य-संशोधनाची क्षमता आहे. प्रयोगशाळा हा तिचा एक भाग झाला. खरं तर सगळ्यात सोपा भाग, कारण पैसे दिले की इमारत उभी राहते आणि फीतही कापता येते.

दुष्काळी गावाला टँकरने पाणी मिळतं आणि विहिरीनेही मिळतं. टँकरचं पाणी खरंच असतं, तहान भागते, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो कधी येणार, किती पाणी आणणार आणि कुठल्या आळीत आधी थांबणार, हे गाव ठरवत नाही. परदेशी पथक येतं, रक्ताचे नमुने घेतं, दोन वर्षांनी निबंध छापतं आणि पुढच्या देशात जातं, हे टँकरचं संशोधन. विहीर खणायला वेळ लागतो, गाळ काढत राहावं लागतं, आणि कुठे खणायची यावरून गावात भांडणंही होतात.

जगाचा पैसा कुठे जातो, हे १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने मोजलं. टाळता येण्याजोग्या मृत्यूंचं ९३ टक्के ओझं विकसनशील देशांवर होतं. त्यांच्या प्रश्नांवर मात्र जागतिक आरोग्य-संशोधनाचा जेमतेम ५ टक्के पैसा खर्च होत होता. गरीब देशांनी स्वतःची संशोधन व्यवस्था उभी करावी, असं त्या आयोगाने तेव्हाच सांगितलं. म्हणजे कल्पना नवी नाही. अंमलबजावणी रखडली.

### सुरुवात मोजण्यापासून

ज्या गावात जन्माची आणि मृत्यूची नोंदच होत नाही, तिथे कुठलाही उपाय ‘लागू पडला’ असं म्हणता येत नाही. म्हणून या क्षेत्रातलं सगळ्यात कंटाळवाणं काम हेच सगळ्यात मोलाचं आहे: एका ठरलेल्या भागातल्या प्रत्येक घराला क्रमांक द्यायचा, ठरावीक महिन्यांनी तिथे जायचं, कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामाला बाहेर पडलं ते लिहायचं. वर्षानुवर्षं.

बांगलादेशात मतलब इथे हे १९६० च्या दशकापासून चालू आहे. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात २००२ पासून हे करतं. आफ्रिका आणि आशियातल्या अशा केंद्रांनी १९९८ मध्ये ‘इनडेप्थ’ नावाचं जाळं विणलं. त्याचं मुख्यालय लंडन-जिनिव्हात नव्हतं, घानाच्या आक्रा शहरात होतं.

मृत्यू घरी झाला आणि डॉक्टर नव्हता, तर कारण कसं कळणार? प्रशिक्षित कार्यकर्ता काही आठवड्यांनी घरी जातो आणि शेवटच्या दिवसांत काय काय झालं हे ठरलेल्या प्रश्नांतून विचारतो: ताप किती दिवस होता, श्वास जोरात चालला होता का, बाळ दूध ओढत होतं का. त्यावरून डॉक्टर संभाव्य कारण ठरवतात. याला मृत्यूची तोंडी चौकशी म्हणू. हे काम परक्या माणसाला जमतच नाही. नुकतंच मूल गेलेल्या आईशी कुठल्या बोलीत, किती वेळ आणि कुणाच्या समोर बोलायचं, हे तिथल्याच माणसाला कळतं.

गडचिरोलीतलं ‘सर्च’चं काम मराठी वाचकांना माहीत आहे. पण ते बहुधा सेवेची कहाणी म्हणून सांगितलं जातं, आणि मला वाटतं त्यात त्याचा अर्धा अर्थ निसटतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात तिथे जाऊन आधी मोजलं. राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं दिसलं. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं मानणाऱ्या जगाला त्याने हलवलं. मग नवजात बाळांचा प्रश्न. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन करत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. हा निबंध १९९९ चा. २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेण्याचं केंद्राने ठरवलं.

‘शिकाऊ बाईच्या हाती इंजेक्शन द्यायचं?’ हा आक्षेप तेव्हा डॉक्टरांनीच घेतला होता. आकडे नसते, तर तो आक्षेपच जिंकला असता.

### रक्ताची बाटली कुणाची?

काँगोमधली गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ज्यां-जाक मुयेंबे हे काँगोचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. बेल्जियममध्ये डॉक्टरेट करून ते मायदेशी परतले. १९७६ मध्ये यांबुकू या गावी अनोळखी रोगाने माणसं मरू लागली, तेव्हा सरकारने त्यांना पाठवलं. त्यांनी हातमोजे न घालता रुग्णांचं रक्त काढलं. सुई काढल्यावर जखमेतून रक्त थांबेचना. हात साबणाने धुतले, म्हणून वाचले असावेत. एका आजारी बेल्जियन ननला ते सोबत किन्शासाला घेऊन आले. तिथून तिचं रक्त थर्मासमधून बेल्जियमला गेलं आणि पुढे तिथल्या व इतर देशांतल्या प्रयोगशाळांत नवा विषाणू दिसला. तोच इबोला.

विषाणूच्या शोधाच्या कथेत मुयेंबेंचं नाव पुढची कित्येक वर्षं फार तर तळटीपेत सापडायचं.

१९९५ मध्ये किक्वित शहरात पुन्हा साथ आली. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, असतात. ती आजाऱ्याला दिली तर? मुयेंबेंनी बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना दिलं, सात वाचले. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी मान हलवली: तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, कदाचित हे सात तसेही वाचले असते. शास्त्राच्या नियमांनी बघितलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण योग्य तुलना करून बघण्याची साधनं मुयेंबेंकडे नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना घाई नव्हती.

पुढे किक्वितमधून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातूनच अमेरिकन शास्त्रज्ञांच्या साथीने एक प्रतिपिंड वेगळं काढलं गेलं. २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात साथ पसरली. भाग युद्धाचा, उपचार केंद्रांवर हल्ले होत होते. तशात बेनी, बुतेंबो, कातवा आणि मांगिना इथे चार औषधांची रीतसर चाचणी झाली. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध हे चिठ्ठी टाकावी तसं ठरायचं, म्हणजे कुणाच्या कलाने निकाल झुकू नये. चाचणीच्या नेतृत्वात मुयेंबे होते. काँगोमध्येच १९८४ मध्ये सुरू झालेली आणि त्यांनी वाढवलेली राष्ट्रीय जैववैद्यक संशोधन संस्था ती चालवत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये चाचणी वेळेआधी थांबवली, कारण दोन औषधं उघडपणे सरस ठरली होती. ती घेणाऱ्यांत साधारण तिसरा हिस्सा दगावत होता, इतर दोन औषधांवरच्या गटांत निम्मे. सरस ठरलेल्या दोनपैकी एक किक्वितच्या त्या रक्तातलं होतं. चोवीस वर्षांपूर्वीच्या आठ रुग्णांचा प्रश्न असा ६८१ रुग्णांवर सुटला.

काँगोतले नमुने काँगोतच तपासले जातील, ही भूमिका मुयेंबे आता उघडपणे घेतात.

### लस पुण्याची, पुरावा नानोरोचा

आर-२१ ही मलेरियाची लस ऑक्सफर्डमध्ये घडली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, हे आपल्या वर्तमानपत्रांनी भरभरून छापलं. तिची कसोटी लागली ते गाव मात्र फार कुणी छापलं नाही. नानोरो हे बुर्किना फासोच्या राजधानीपासून शंभर किलोमीटरच्या आतलं ग्रामीण ठिकाण. हालिदू तिंतो या बुर्किना फासोच्याच शास्त्रज्ञाने इथे संशोधन केंद्र उभं केलं. त्यांचं गणित सरळ होतं: मलेरिया जिथे आहे तिथे अभ्यास व्हावा.

२०२१ मध्ये नानोरोतल्या ४५० बालकांवरचे निष्कर्ष आले: एका वर्षात मलेरियापासून ७७ टक्के संरक्षण. यातली मेख वेळेत आहे. त्या भागात मलेरिया पावसाबरोबर उसळतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर डोस दिले गेले. पुढे चार देशांतल्या मोठ्या चाचणीतही, जिथे मोसम पाहून लस दिली तिथे संरक्षण सुमारे ७५ टक्के होतं आणि वर्षभर कधीही दिली तिथे ६८. पावसाचं हे गणित नानोरोतल्या कुठल्याही आईला ठाऊक असतं. ते चाचणीच्या आराखड्यात उतरवणारा माणूस मात्र तिथे असावा लागतो.

मग घानाने एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या औषध नियामक यंत्रणेने एप्रिल २०२३ मध्ये स्वतः कागदपत्रं तपासून या लशीला परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ऑक्टोबरमध्ये आली. परवानगी द्यायला चाचणीचे आकडे वाचता येणारी आणि प्रसंगी ‘नाही’ म्हणणारी माणसं लागतात. तीही क्षमताच.

मेंदूज्वराच्या लशीचं असंच झालं होतं. १९९६-९७ मध्ये सेनेगल ते इथिओपिया या पट्ट्यात अडीच लाखांवर लोक आजारी पडले. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी अट घातली की डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा, नाहीतर लस असून नसून सारखीच. मोठ्या कंपन्यांना हा व्यवहार परवडेना. सीरमने तो घेतला, माली, गांबिया, सेनेगल आणि भारतात चाचण्या झाल्या आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. किंमत आधी ठरवून मग लस घडवणं, हा क्रम बाजाराने कधी सुचवला नसता.

### ‘आधी दवाखाने बांधा, संशोधन नंतर’

हा आक्षेप रास्त वाटतो. जिथे सलाईन नाही तिथे शोधनिबंध कशाला? पण कुठला दवाखाना, कुठे आणि कशासाठी, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. गडचिरोलीत मोठ्या रुग्णालयातला नवजात अतिदक्षता विभाग बांधला असता, तरी बाळं घरीच मेली असती, कारण ती घरीच जन्मत होती. शिवाय लागोसमध्ये पोलिओसाठी तयार केलेली माणसं इबोलाच्या कामी आली, तशीच अभ्यासासाठी तयार केलेली माणसं साथीच्या दिवशी आरोग्यसेवेचीच माणसं होतात.

### ‘विज्ञान सगळीकडे सारखंच, मग स्थानिक कशाला?’

विषाणूला देश नसतो, मान्य. पण प्रश्न कुठला विचारायचा, याला असतो. आणि स्थानिक म्हणजे परदेशी नकोतच, असंही नाही. मुयेंबे बेल्जियममध्ये शिकले, बंग दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. आर-२१ ऑक्सफर्डची. वाद सूत्रं कुणाच्या हाती, यावर आहे.

यात एक खाच आहे, आणि ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ‘स्थानिक’ म्हणजे बहुतेक वेळा राजधानीतला, इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणारा प्राध्यापक. बेनीच्या माणसाला किन्शासाही परकीच, आणि भामरागडला मुंबई. नैरोबीतल्या संस्थेने पाड्यावरचे नमुने नेऊन निबंध छापला आणि पाड्यावर काहीच सांगितलं नाही, तर फक्त टँकरचा मालक बदलला.

### ‘गरिबांवर प्रयोग होतात’

होतात, आणि भीती खोटी नाही. संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळत नाही. प्रत्येक चाचणीला नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. ती समिती त्याच देशातली, अभ्यासाशी हितसंबंध नसलेली आणि खरोखर प्रश्न विचारणारी असेल तर पुष्कळ अनर्थ टळतात. स्थानिक क्षमता वाढली की प्रयोग वाढतात, ही तक्रार मी ऐकली आहे. पण परक्याचा कागद वाचून त्यातली चलाखी ओळखणाराही त्याच क्षमतेतून तयार होतो.

### माणसं टिकवायची कशी?

हा सगळ्यात अवघड भाग. हुशार मुलगी पीएचडीला परदेशी जाते, तिथे प्रयोगशाळा चांगली असते, पगार चांगला असतो आणि ती परत येत नाही. तिला दोष कशाला द्यायचा? परतल्यावर तिला वर्गात दोनशे मुलं, बंद पडलेलं यंत्र आणि दुरुस्तीला येणारा माणूस तिसऱ्या देशात, असं चित्र दिसतं.

यावर आफ्रिकेतल्या काही विद्यापीठांनी आणि संशोधन केंद्रांनी २००८ मध्ये ‘कार्टा’ नावाचा उपक्रम काढला. नैरोबीतलं एक संशोधन केंद्र आणि जोहान्सबर्गचं विट्स विद्यापीठ त्याचं नेतृत्व करतात. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात नोंदणी करतो, विषय आपल्या देशाचा घेतो आणि ठरावीक काळाने सगळे एकत्र येऊन शिकतात. विशेष म्हणजे त्यांनी मार्गदर्शक प्राध्यापकांना, ग्रंथपालांना आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षणात घेतलं. परदेशी अनुदानाचा हिशेब वेळेत न गेल्याने पुढचा हप्ता अडकतो, हे ज्याने पाहिलंय त्याला यातलं शहाणपण कळेल. संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ एक असतो. त्याच्यामागे रक्त काढणारे, शीतपेटीचं तापमान लिहिणारे, गावोगाव मोटरसायकलवर फिरणारे, आकडे भरणारे आणि लेखापाल असे कितीतरी असतात. निधी थांबला की आधी हेच घरी जातात, आणि एकदा गेलेले परत मिळत नाहीत.

### पैसा कुणाचा?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद झाली. तिच्या पैशावर चालणारी, १९८४ पासून ९० हून अधिक देशांत झालेली लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं फेब्रुवारीतच गोठली. कितीतरी देशांकडे बालमृत्यूचा दुसरा विश्वासार्ह आकडाच नाही. भारतात याच कुळातलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून करते. त्यामुळे आपली स्थिती तितकी बिकट नाही.

ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेला झटका जबर बसला. १९६० मध्ये परदेशी मदतीने सुरू झालेल्या या संस्थेने जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या द्रावणाच्या संशोधनातून जगभरातली असंख्य बाळं वाचवली. तिला पहिले बांगलादेशी प्रमुख मिळायला २०२१ उजाडलं. आणि २०२५ मध्ये अमेरिकी पैसा आटताच हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. सगळी माणसं तिथलीच, कसब तिथलंच, पण किल्ली वॉशिंग्टनमध्ये.

आरोग्य खात्याच्या खर्चातले किमान २ टक्के संशोधनावर घालावेत, असं २००८ मध्ये मालीच्या बामाको शहरात अनेक देशांच्या मंत्र्यांनी मान्य केलं होतं. आफ्रिकी संघाने सगळ्या प्रकारच्या संशोधनासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याचं उद्दिष्ट ठेवलं. बहुतेक देश त्याच्या जवळपासही नाहीत. आपण तरी कुठे आहोत? भारताचा २०२०-२१ चा आकडा ०.६४ टक्के होता.

दक्षिण आफ्रिकेने मात्र हात हलवले. अमेरिकी निधी बंद झाल्यावर तिथल्या अर्थ खात्याने देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला तीन वर्षांत ४० कोटी रँड द्यायचं ठरवलं आणि गेट्स व वेलकम या दोन प्रतिष्ठानांनी प्रत्येकी १० कोटींची भर घातली. गेलेल्या पैशाच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी आहे, असं तिथले शास्त्रज्ञच सांगतात. पण यातला मोठा वाटा त्या देशाच्या स्वतःच्या तिजोरीतला आहे, आणि तो कशावर खर्च झाला याचा जाब तिथल्या संसदेला विचारता येतो.